वाचकांचे प्रश्न: परत कॉलेजात, परत कामावर

मागच्या अंकात सायकोसिसबद्दल लिहिलं होतं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री होऊन बसणं, बोलण्याचा धागाच तुटत जाणं, आणि हे बहुतेकांना पहिल्यांदा होतं ते पंधरा ते तीस या वयात, नेमकं शिकायच्या आणि नोकरीला लागायच्या दिवसांत. त्यावर बरीच पत्रं आली, मेसेज पण आले, आणि त्यातली निम्मी तरी एकाच जागी अडकलेली दिसली. औषधं सुरू झाली, आवाज थांबले, झोप लागते, आता पुढे काय? म्हणून यावेळी तेवढंच घेते. नावं अर्थातच गाळलीत.

प्रश्न: ताई, माझा भाऊ २० वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेज फोंड्याच्या बाजूला. फेब्रुवारीत हॉस्टेलवर झोपेनासा झाला, रूममेट मोबाइलमधून माझं बोलणं बाहेर पाठवतात म्हणायला लागला, शेवटी वॉर्डनने आम्हाला फोन करून बोलावलं. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलात, १८ दिवस ॲडमिट होता. आता चार महिने झाले, संशय गेलाय, आवाज नाहीत, वेळेवर जेवतो. पण पुस्तक उघडून बसला की अर्धा तास तेच पान. मी दारातून बघते, पान उलटतच नाही. पप्पा म्हणतात कॉलेज राहू दे, आपल्या दुकानात बसू दे, टेन्शन नको त्याला. आई म्हणते पूर्ण बरा होईपर्यंत घरातच बरा. तो स्वतः म्हणतो नवीन सेमिस्टरपासून जाणारच आणि राहिलेले विषय पण सगळे एकदम काढणार. कोणाचं ऐकायचं? — एक बहीण, डिचोली

उत्तर: बाय, जायचं म्हणतो त्यात तुझ्या भावाचं बरोबर आहे, एकदम सगळं काढणार म्हणतो तिथे त्याचं चुकतंय. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

आधी त्या पानाचं. ते न उलटणारं पान म्हणजे आळस नाही आणि 'मन लावत नाही' असंही नाही. या आजारात आवाज आणि संशय औषधाने काही आठवड्यांत ओसरतात, पण लक्ष टिकणं, वाचलेलं डोक्यात धरून पुढचं वाक्य वाचणं, एकूण डोक्याचा वेग, हे सगळं मागाहून येतं, महिने लागतात, कोणाला वर्ष पण लागतं. त्यात थोडा भाग गोळ्यांच्या सुस्तीचा असू शकतो आणि थोडा उदासीचा, कारण एवढं सगळं होऊन गेल्यावर शुद्धीवर आलेल्या मुलाला आपण काय काय बोललो, कोणासमोर बोललो हे आठवायला लागतं आणि तो आतून खचतो, घरच्यांना मात्र तो 'शांत झालाय' असं वाटत राहतं. म्हणून पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना हे पानाचं जसंच्या तसं सांगा. 'अभ्यासात लक्ष नाही' असं मोघम नको, 'अर्धा तास एकच पान' असंच सांगा. गोळीची वेळ किंवा डोस बदलून फरक पडतो का ते ते बघतील, घरच्या घरी कमी-जास्त करायचं नाही.

आता आईचं म्हणणं, पूर्ण बरा झाल्यावर. मला त्या माऊलीची भीती समजते, पण घरात बसून हे डोकं परत चालायला लागत नाही. मित्र दुसऱ्या वर्षाचे तिसऱ्यात जातात, ग्रुपवर आपलं नाव यायचं बंद होतं, सकाळ अकराला उजाडते आणि मग बाहेर पडायचीच भीती बसते. पूर्वी सगळीकडे आधी बरे व्हा मग कामाचं बघू असंच म्हणायचे, अमेरिकेत १९९० च्या दशकात काही लोकांनी ते उलटं करून पाहिलं, आधी माणसाला त्याच्या आवडीच्या खऱ्या कामावर नेलं आणि आधार तिथे दिला, आणि ते जास्त चाललं. मेलबर्नला १९९२ पासून तरुणांच्या पहिल्या एपिसोडसाठी, म्हणजे हा आजार पहिल्यांदाच झालेल्यांसाठी, वेगळी सेवाच आहे. परत शिकणं, परत कामाला लागणं हे उपचार संपल्यावर नाही तर उपचार चालू असतानाच सुरू व्हायला पाहिजे, हे अशा सेवांमधून सगळीकडे शिकले. आपल्याकडे एवढी सोय नाही, म्हणून हे काम तुम्हालाच करायचंय.

पप्पांच्या दुकानाबद्दल एवढंच, आता मधल्या दिवसांत रोज दोन तास गल्ल्यावर बसला तर चांगलंच आहे, माणसांशी बोलणं होतं, हिशेब होतो. पण 'कॉलेजऐवजी दुकान' हे त्याच्या आजारपणात तुम्ही ठरवू नका. त्याला पुढे स्वतःला वाटलं तर गोष्ट वेगळी.

सेमिस्टर सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत ना, तेवढे वापरा. आजपासून उठायची वेळ कॉलेजच्या दिवसाचीच. दुसऱ्या आठवड्यात त्याने नुसतं कदंबाच्या बसमध्ये बसून फोंड्याला जायचं, स्टँडवर उतरून चहा घ्यायचा, परत यायचं. ऐकायला बावळट वाटेल, पण ज्या मुलाला चार महिन्यांपूर्वी बसमधला प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं त्याच्यासाठी ती बस म्हणजे परीक्षाच असते, आणि ती लेक्चरच्या दिवशी द्यायला लागू नये. मग कॉलेजच्या लायब्ररीत एक तास. अभ्यास मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावून, आधी शिकलेल्या विषयाचा, आणि दहा मिनिटं झाली की पुस्तक मिटून एकच ओळ लिहायची काय वाचलं त्याची. आठवड्याने पंधरा मिनिटं. ही ओळ महत्त्वाची आहे हं, डोक्यात राहत नाही तोवर कागदाने धरून ठेवायचं.

कॉलेजला आधी जाऊन एचओडींना भेटा, तो आणि घरचं एक जण. हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेट द्या, आणि या सेमिस्टरला किती पेपर द्यायचे ते तिथेच बसून ठरवा. दोन पेपर मागे राहिले तर राहू देत, ते पुढे निघतात. सगळे एकदम काढायला जाऊन नोव्हेंबरात रात्र-रात्र जागला तर मात्र आपण परत फेब्रुवारीत. आणि पहिलं सेमिस्टर तरी हॉस्टेल नको. प्रवासाने दमेल, पण झोप आणि गोळी घरात सांभाळली जाते. आणखी एक, स्पष्टच लिहिते कारण आपल्या गोव्यात हे कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं: गांजा. मित्र म्हणतील एक कश, त्याने काय होतंय. ज्याला एकदा सायकोसिस झालाय त्याचा आजार उलटायला गांजा हे अगदी ठरलेलं कारण आहे. दरडावून नको, पण डॉक्टरांसमोर एकदा नीट बोलणं होऊ दे.

त्याच्यासोबत बसून एका कागदावर लिहा, मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बिघडलं होतं. तुझ्या पत्रावरून तर आधी झोप गेली, मग मोबाइलचा संशय. तर दोन रात्री झोप नाही झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि तो कोण करणार हे त्यानेच ठरवायचं, तू की आई की एखादा मित्र. तो बरा असताना ठरलेलं असलं म्हणजे त्या वेळी भांडण होत नाही.

आणि बाय, दारातून बघणं थांबव.

माझ्या भावाला हे झालं होतं, खूप वर्षं झाली त्याला. घरी आल्यावर महिनाभराने एकदा तो टीव्हीवर काहीतरी बघून मोठ्याने हसला, आणि आम्ही सगळे, आई पोळी लाटता लाटता, मी अभ्यास करता करता, गप्प होऊन त्याच्याकडे बघायला लागलो, की हा खरंच टीव्हीला हसला ना? त्याला ते कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो आमच्यासमोर हसलाच नाही. आजारी माणसावर सतत लक्ष ठेवणं आणि सतत टोकणं या दोन्हींनी आजार उलटायचा धोका वाढतो हे पुढे मी या क्षेत्रात काम करायला लागल्यावर वाचलं, पण कळलं होतं त्या संध्याकाळीच. तुला राहवणार नाही हे माहीत आहे, म्हणून संध्याकाळी एकदा सरळ विचार, आज कसं गेलं? आणि तो 'ठीक' म्हणाला तर ठीक. बाकी दिवसभर तू त्याची बहीण, नर्स नाही.

बाहेरचं कोणी मदतीला मिळालं तर बघ. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संगाथ संस्थेच्या लोकांनी गोवा, सातारा आणि तामिळनाडूत मिळून २८२ रुग्णांबरोबर काम केलं होतं, २०१४ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दवाखान्याच्या उपचारांसोबत गावातलाच शिकवून तयार केलेला कार्यकर्ता घरी येत राहिला तर लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण थोडी जास्त कमी होते असं दिसलं. घरच्यांनी सांगितलं तर कटकट आणि बाहेरच्या ताईने सांगितलं तर ऐकणार, हे तर आपल्याला माहीत आहेच.

प्रश्न: मी २६ वर्षांची, कुंडईच्या इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. दोन महिने रजेवर आहे, सायकोसिस सांगितलंय. आता बरी आहे पण सकाळी गुंगी असते. कंपनीत तीन शिफ्ट. एचआरने फिटनेस सर्टिफिकेट मागितलंय. सगळ्यांना सांगू की लपवू? कावीळ झाली होती म्हणू का? कळलं तर 'पिशी', वेडी म्हणतील, लग्न पण व्हायचंय. रजा संपली, पगार १८ हजार, तो बुडतोय म्हणून पुढच्या सोमवारीच जावं असं वाटतं. — फोंडा तालुक्यातून

उत्तर: कावीळ नको. खोटं एकदा बोललात की दर महिन्याला फॉलोअपच्या दिवशी परत बोलावं लागतं, आणि त्या ताणाचीच तुम्हाला आता गरज नाही. पण न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सोबतच्या मुलींना 'बरं नव्हतं गं, ट्रीटमेंट चालू आहे, आता ठीक आहे' एवढं बास. हे वाक्य घरी आरशासमोर दहा वेळा म्हणा, आवाज कापायचा थांबेपर्यंत, कारण पहिल्या दिवशी ते कॅन्टीनमध्ये पाच वेळा तरी म्हणावं लागणार आहे, आणि सहाव्या दिवशी कोणी विचारणार नाही. शिफ्ट इनचार्ज किंवा एखादी मैत्रीण विश्वासाची असेल तर एका माणसाला मात्र खरं सांगून ठेवा, कधी त्रास व्हायला लागला तर तिथे कोणीतरी जाणतं हवं.

सर्टिफिकेटवर काय लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोला. कामावर रुजू व्हायला फिट आहे, अमुक महिने नाइट शिफ्ट नको, सुरुवातीला कमी तास, असं लिहिता येतं, आणि एचआरला सहसा तेवढंच लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिलाय, तुम्हाला न विचारता डॉक्टर ती कंपनीला देऊ शकत नाहीत. नाइट शिफ्टचं मात्र अजिबात सोडू नका. झोपेचं चक्र उलटंपालटं होणं या आजाराला सगळ्यात वाईट, आणि आठवड्याला बदलणारी शिफ्ट तर नाइटपेक्षाही वाईट म्हणेन मी. जनरल शिफ्ट मागा, दोन हजार कमी मिळाले तरी.

पगाराचं ऐका, हे फार लोकांना माहीत नसतं. तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असणार, स्लिप बघा. साध्या आजारपणात ईएसआयकडून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि त्यांची लांबणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे त्यात सायकोसिस आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्यात ८० टक्के मिळतात, आणि डॉक्टरांनी गरज दाखवली तर हे दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, खासगी चालत नाही, म्हणून कागद घेऊन तिथे जा. हे सांगते ते दोन वर्षं घरी बसा म्हणून नाही, तर पगार बुडतोय या एकाच कारणाने येत्या सोमवारी धावत जाऊ नये म्हणून. आणखी तीन आठवडे घेतलेत आणि गुंगी गेल्यावर गेलात तर टिकाल.

ती गुंगी डॉक्टरांना सांगा, रात्रीची गोळी थोडी आधी घेऊन चालते का विचारा. आणि ती जाईपर्यंत स्कूटर चालवायची नाही, कंपनीची बस असेल तर बस, नाहीतर कोणीतरी सोडू दे.

कामाचं म्हणाल तर क्यूसी हे या वेळी खरं म्हणजे चांगलं काम आहे. सगळं एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात, लिहिलेलं, प्रत्येक रीडिंग त्याच क्षणी लॉगबुकात, दुसऱ्याची सही. लक्षात ठेवायचं ओझं कागदावर असतं. आधी रोजच्या सवयीच्या टेस्ट घ्या, नवीन मेथड, ऑडिटची तयारी, हे दोन महिने दुसरं कोणी करू दे. पण 'हलकं काम' याचा अर्थ 'काम नाही' असा होऊ देऊ नका. माझा भाऊ परत कामावर गेला तेव्हा ऑफिसात त्याला रेकॉर्डच्या खोलीजवळ एक टेबल दिलं आणि काहीच दिलं नाही, त्रास नको म्हणून. तो दिवसभर पेन्सिलींना टोक काढायचा. घरी येऊन बॅगेतून त्या बारीक झालेल्या पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या त्याने एकदा, काही बोलला नाही. त्यामुळे इनचार्जला जाऊन सांगा, कमी द्या पण खरं द्या.

लग्नाबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहीन, दोन ओळींत उरकायचा विषय नाही तो.

प्रश्न: मी पेडण्यात हायर सेकंडरीला शिकवते. बारावीची एक मुलगी या आजारानंतर परत येतेय. वर्गाला काय सांगू? — एक शिक्षिका

उत्तर: आधी तिलाच विचारा, काय सांगितलेलं चालेल. ती काही नको म्हणाली तर काही नको. स्वागत, टाळ्या, 'आपण सगळ्यांनी हिला सांभाळून घेऊ या' असं भाषण, काही करू नका, त्या मुलीला जमिनीत गडप व्हावंसं वाटेल. दाराजवळची जागा द्या म्हणजे उठून बाहेर जाता येईल, पाण्याची बाटली जवळ राहू द्या कारण गोळ्यांनी तोंड सुकतं. पहिले काही दिवस अचानक उभं करून प्रश्न नको. हात थरथरतो, अक्षर बिघडतं, त्यावरून बोलू नका. यातल्या काही औषधांनी वजन पटकन वाढतं, त्यावर वर्गातलं कोणी, आणि स्टाफरूममधलं पण कोणी, एक शब्द बोलणार नाही एवढं तुम्ही बघा. मला वाटतं तुम्ही करू शकाल त्यातलं हे सगळ्यात मोठं. मागच्या नोट्स एकाच मैत्रिणीकडून, सगळ्या वर्गाकडून नको. बोर्डाच्या परीक्षेत काही सवलत लागेल असं वाटलं तर प्रिन्सिपलांमार्फत आत्ताच विचारून ठेवा, जानेवारीत नको.

प्रश्न: मुलगा वाळपईत परत गॅरेजला जायला लागला, दोन महिने एकदम व्यवस्थित आहे. देवीला कौल लावला, उजवा मिळाला. आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना? — एक वडील, सत्तरी

उत्तर: बाबा, देवीने उजवा दिला, मुलगा कामाला लागला, मला वाचून फार बरं वाटलं. पण गोळ्या बंद करू नका. तो व्यवस्थित आहे तो गोळ्या चालू आहेत म्हणून आहे. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या पहिल्या एपिसोडमधून सुधारलेल्या १०४ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९९९ ला ते छापून आलं. गोळ्या सोडल्या तेव्हा आजार उलटायचा धोका जवळजवळ पाचपट झालेला दिसला. आणि उलटला की पहिल्यापेक्षा सावरायला बहुधा जास्त वेळ लागतो, गॅरेजची जागा पण जाते. साधारणपणे लक्षणं पूर्ण गेल्यावर निदान एक-दोन वर्षं तरी डॉक्टर गोळ्या चालू ठेवतात, आणि नंतर कमी करायच्या झाल्या तरी हळूहळू, त्यांच्या नजरेखाली. मुलाला स्वतःला नकोशा झाल्या असतील तर का ते विचारा, झोप येते, वजन वाढलं, पाय स्थिर राहत नाहीत, बरीच मुलं हे बापाला सांगत नाहीत आणि गुपचूप बंद करतात. त्यावर दुसरी गोळी असते.

आणि चवथ, गणपती येतायत. घर भरेल, मुंबईचे पाव्हणे येतील, रात्री उशिरापर्यंत घुमट वाजवत आरत्या, जागरण, कोणीतरी काका ग्लास पण पुढे करणार. त्याला आरतीला उभा राहू दे, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला हात लावू दे, पण रात्रीची गोळी वेळेवर आणि झोपायला एक बाजूची खोली, हे आधीच ठरवून ठेवा आणि घरातल्या एका माणसाने ते बघायचं. विचारणाऱ्यांना तुम्हीच उत्तर द्या, त्याला द्यायला लावू नका. आडवेळी काही वाटलं आणि बांबोळीला पोचणं जमत नसलं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, कोंकणीत पण. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नुसता नको, बॅटरी नेमकी त्याच वेळी गेलेली असते.